अधिकार सोडावा, आधार सोडू नये

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी योजलेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचा हा लिखित पाठ.)



शासकीय आदेशांत एक ठरीव वाक्य असते : ‘श्री. अमुक हे नियत वयोमानानुसार अमुक महिन्याच्या अखेरच्या दिवशी मध्यान्होत्तर सेवानिवृत्त होत आहेत.’ आपल्यापैकी अनेकांच्या नावाने येत्या वर्ष-दोन वर्षांत हे वाक्य लिहिले जाईल. खासगी कंपनीत असाल तर शब्द निराळे असतील, अर्थ तोच. सकाळी ज्याच्या स्वाक्षरीवाचून कागद हलत नव्हता, त्याच्या स्वाक्षरीला दुपारनंतर किंमत उरत नाही. शाल येते, श्रीफळ येते, दोन-चार सहकारी मनापासून बोलतात आणि ‘उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो’ अशी शुभेच्छा देऊन मंडळी पांगतात. ते उर्वरित आयुष्य म्हणजे नेमके किती, आणि ते सुखासमाधानाचे जावे यासाठी आपण काय करायचे, याचा विचार आज करू.

प्रथम ‘नियत’ हा शब्द पाहू. हे वय नियत केले कोणी? वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली झाला. त्यात वयाची अट सत्तर वर्षांची होती. ती पासष्टवर आली १९१६ साली. आपल्याकडे केंद्र शासनाने १९९८ साली अठ्ठावन्नाचे साठ केले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत दीर्घकाळ अठ्ठावन्न हेच वय राहिले आणि चतुर्थ श्रेणीसाठी मात्र साठ. म्हणजे एकाच कार्यालयातील साहेब अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हातारा ठरतो आणि त्याचा शिपाई आणखी दोन वर्षे तरुण राहतो! तात्पर्य, हा आकडा तिजोरी पाहून आणि नोकऱ्यांची गरज पाहून ठरतो. आपल्या शरीराशी आणि बुद्धीशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत जन्मणाऱ्या भारतीयाचे सरासरी अपेक्षित आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. त्यातही जो साठीपर्यंत पोहोचला, त्याला सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षे मिळतात. बरे अन्न आणि वेळेवर औषध मिळणाऱ्याला त्याहून अधिक. पत्नी सहसा वयाने लहान असते आणि स्त्रियांचे आयुर्मानही थोडे जास्त असते. तेव्हा एका दांपत्याने निवृत्तीनंतरचा हिशेब पंचवीस ते तीस वर्षांचा मांडला पाहिजे. नोकरीही जवळजवळ तितकीच वर्षे केली. नोकरीसाठी आपण पंधरा-सोळा वर्षे शिक्षण घेतले. या दुसऱ्या आयुष्यासाठी किती तयारी केली?

हस्तिनापुरातील पंधरा वर्षे

आपल्या परंपरेत या टप्प्याला नाव आहे, वानप्रस्थ. मनुस्मृतीने त्यासाठी वयाचा आकडा दिलेला नाही, खुणा दिल्या आहेत : अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि अपत्याला अपत्य झाले, की गृहस्थाने वनाकडे वळावे. पहिल्या दोन खुणा शरीराच्या आहेत. तिसरी खूण घराची आहे. घरात पुढची पिढी कर्तीसवरती झाली, हा तिचा अर्थ. आज वन उरलेले नाही आणि कोणी तिकडे जाणार नाही. पण वनात जाण्यामागे जी गोष्ट होती, म्हणजे कर्तेपण दुसऱ्याच्या हाती सोपवणे, ती आजही तितकीच आवश्यक आहे.

जो हे वेळेवर करत नाही त्याचे काय होते, हे महाभारताने आश्रमवासिक पर्वात दाखवले आहे. युद्ध संपले. युधिष्ठिर राजा झाला. धृतराष्ट्र मात्र पंधरा वर्षे हस्तिनापुरातच राहिला. युधिष्ठिराने त्याच्या मानात काही उणे पडू दिले नाही. पण भीम आला, की म्हातारा ऐकेल अशा बेताने दंड थोपटून शंभर पुत्रांच्या वधाच्या फुशारक्या मारी. अखेर त्या बोलण्याने विद्ध होऊन धृतराष्ट्राने वनात जायचे ठरवले. जाण्यापूर्वी भीष्म, द्रोण आणि आपले मुलगे यांचे श्राद्ध करावे अशी त्याला इच्छा झाली. त्यासाठी द्रव्य हवे होते. एकेकाळचा हस्तिनापुरचा राजा विदुराला पुतण्याकडे पाठवून द्रव्य मागतो. भीम विरोध करतो. युधिष्ठिर आणि अर्जुन मोठ्या मनाचे, म्हणून ते स्वतःच्या द्रव्यातून देतात.

धृतराष्ट्राचे पातक निराळे होते, त्याच्याशी आपली तुलना नको. पण त्या पंधरा वर्षांचे चित्र पाहा. सत्ता गेली तरी मन सिंहासनाभोवती राहिले, आणि गाठीला स्वतःचे काही उरले नाही. अधिकाराची आस सुटली नाही आणि आधार मात्र हातचा गेला. आजच्या मध्यमवर्गीय घरांतही दुःखाची बहुतेक मुळे या दोनच गोष्टींत सापडतात. काही जण निवृत्त झाल्यावरही घरात साहेबच राहतात; काही जण प्रेमापोटी फंडाची रक्कम आणि राहते घर एका सहीने देऊन मोकळे होतात. पुष्कळदा तर एकच माणूस दोन्ही करतो. व्हायला हवे याच्या उलट. अधिकार सोडावा, आधार सोडू नये. आज मला सांगायचे आहे ते एवढेच. पुढचे सारे त्याचे विवरण आहे.

आधार : आधी आकडे

आपण सगळे एकाच नावेत नाही, हे आधी लक्षात घेऊ. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी आणि केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पूर्वी रुजू झालेल्यांना जुन्या नियमांचे निवृत्तिवेतन आहे. त्यानंतरचे कर्मचारी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आले. तेथे जमलेल्या रकमेपैकी शासकीय कर्मचाऱ्याला किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी लागते आणि तिच्यातून मासिक उत्पन्न मिळते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून एकत्रित निवृत्तिवेतन योजनेचा पर्यायही खुला झाला. खासगी कारखान्यांतील बांधवांना १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. तिचे सूत्र सोपे आहे : निवृत्तिवेतनार्ह वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. २०१४ साली ठरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेने ३५ वर्षांच्या सेवेचा हिशेब केला, तर येतात दरमहा ७,५०० रुपये. ज्याने आयुष्यभर यंत्रावर घाम गाळला त्याला हा आकडा पन्नाशीतच ठाऊक असला पाहिजे. तो निवृत्तीच्या महिन्यात कळला, तर काही करण्याची वेळ टळून गेलेली असते.

आता महागाई. बहात्तर या संख्येला महागाईच्या दराने भागले, की किती वर्षांत खर्च दुप्पट होईल ते कळते. सहा टक्के धरले, तर बारा वर्षे. आज साठीला ज्या घराचा खर्च तीस हजार आहे, त्याच राहणीला बहात्तराव्या वर्षी साठ हजार आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी एक लाख वीस हजार लागतील. शासकीय निवृत्तिवेतनाला महागाई भत्त्याची जोड असते. १९९५ च्या योजनेला आणि बहुतेक वार्षिकींना ती नसते. म्हणून ज्यांचे उत्पन्न गोठलेले राहणार आहे, त्यांनी पहिल्या दिवसापासून सारे व्याज खाऊन टाकू नये. व्याजाचा काही भाग मुद्दलात परत गेला पाहिजे.

निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजेचे रोखीकरण अशा रकमा एकदम हाती येतात. इतके पैसे एकत्र आपण आयुष्यात पाहिलेले नसतात. शिवाय ते कोणत्या महिन्यात येणार, हे साऱ्या गोतावळ्याला ठाऊक असते. मुलाला फ्लॅट घ्यायचा असतो, भाच्याचा धंदा अडलेला असतो, आणि दुप्पट परताव्याचे आमिष दाखवणारा एखादा परिचित दारात उभा असतो. माझा सल्ला असा की पहिले सहा महिने या रकमेला हात लावू नये. ती राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपाल कार्यालयात स्वस्थ पडू द्यावी. कोणी विचारले तर ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणावे. खरी गरज असलेला माणूस सहा महिन्यांनीही येतो; बाकीचे येत नाहीत.

त्यानंतर क्रम असा ठेवावा. आधी कर्ज फेडावे. मग एक वर्षाचा घरखर्च केव्हाही काढता येईल असा बाजूला ठेवावा. मग दरमहाच्या उत्पन्नाची तजवीज करावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख रुपये झाली आणि व्याजदर ८.२ टक्के झाला. त्या दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात, आणि ठेवीच्या दिवशी असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. नवीन ठेवींचा दर शासन तिमाहीगणिक जाहीर करते, तो पाहून घ्यावा. इतका सरळ मार्ग असताना अनोळखी पतपेढीच्या दीड टक्का जास्त व्याजासाठी मुद्दल पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

शासकीय निवृत्तिवेतनधारकांना अंशराशीकरणाचा मोह असतो. एक उदाहरण घेऊ. शेवटचे मूळ वेतन ६०,००० असेल तर निवृत्तिवेतन ३०,००० होते. केंद्राच्या नियमाने त्यातील ४० टक्के विकता येते. ते विकले, की मूळ निवृत्तिवेतनातून दरमहा १२,००० पंधरा वर्षे वजा होतात. महागाई भत्ता पूर्ण निवृत्तिवेतनावर मिळतो, हे खरे. तरीही अठरा हजारांवर घर चालेल का, हे आधी पाहावे. याच उदाहरणातील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारे सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १८,००० असते. घरभाडे, वीज, औषधे अर्धी होत नाहीत. उत्पन्न मात्र तीन पंचमांश होते. हा आकडा किती भगिनींना ठाऊक आहे? बंधूंनो, आज घरी गेल्यावर हा हिशेब पत्नीपुढे मांडा. खाती दोघांच्या नावे करा. बँकेत तिला बरोबर न्या आणि पैसे तिलाच काढू द्या. दर नोव्हेंबरातील हयातीचा दाखला, विम्याच्या पॉलिसी, ठेवींच्या पावत्या कोठे आहेत, हे एका वहीत तिच्या हस्ताक्षरात लिहिलेले असू द्या.

आजारपणाची तरतूद निवृत्तीपूर्वीच करायला हवी. कंपनीचा आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबर संपतो. नवा घेतला, तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. त्याची कमाल मर्यादा २०२४ साली चार वर्षांवरून तीन वर्षे झाली. म्हणून पंचावन्नाव्या वर्षीच स्वतःचा विमा उतरवावा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. त्याचे कार्ड काढून ठेवावे. ते कोणत्या रुग्णालयात चालते, याची चौकशी निरोगी असतानाच करावी.

एक सावधगिरीची सूचना. पोलीस किंवा सीबीआय अधिकारी असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर ज्येष्ठांना तासन्‌तास धाकात ठेवणारे आणि आयुष्याची पुंजी लुबाडणारे चोर अलीकडे फार झाले आहेत. ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा, घरच्यांना सांगावे, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

घर कोणाच्या नावावर?

आता नाजूक विषय. राहते घर मुलांच्या नावे करावे का? महाराष्ट्रात मुलांना राहते घर बक्षीस देण्यावरचे मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे बक्षीसपत्र करणे सोपे झाले आहे. पण बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांत मोठे अंतर आहे. बक्षीसपत्राने मालकी आजच जाते. मृत्युपत्र आपल्या पश्चात अमलात येते आणि हयातीत कितीही वेळा बदलता येते. मृत्युपत्राला मुद्रांकाचा कागद लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. लाभार्थ्याला साक्षीदार करू नये. आणखी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. बँकेत किंवा गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशन केले, म्हणजे तो मालक झाला, असे लोक समजतात. नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारी असते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी आपल्या संसदेला २००७ साली कायदा करावा लागला. त्याच्या २३ व्या कलमान्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मागता येते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहावी. मातृ-पितृभक्तीची कथा लहानपणी ऐकलेल्या समाजाला असा कायदा करावा लागतो, ही खेदाची गोष्ट आहे. पण खेद करून भागत नाही. मुले वाईट असतात असेही मला सुचवायचे नाही. बहुसंख्य मुले चांगलीच असतात. मात्र परिस्थिती चांगल्या मुलांनाही कोंडीत पकडते. घर आपल्या नावावर राहिले, तर मुलांच्या प्रेमाची परीक्षा घेण्याची वेळच येत नाही. आधार हातात ठेवण्यात अविश्वास नाही. आपले ओझे मुलांवर पडू नये, याची ती काळजी आहे.

अधिकार : घरातला

आता वाक्याचा पहिला अर्धा भाग. पैशाचे नियोजन शिकवणारे पुष्कळ भेटतात. हा भाग कोणी शिकवत नाही.

तीस-पस्तीस वर्षे आपण सकाळी नऊला घराबाहेर पडलो. त्या काळात घराने आपली एक घडी बसवली. दूध केव्हा येते, कामवाल्या मावशींची सुट्टी कधी, कोणता डबा कोणत्या फळीवर, हे सगळे गृहिणीच्या हाताला ठाऊक आहे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी एक अनुभवी अधिकारी या चालत्या कारभारात दाखल होतो. त्याला कार्यालय उरलेले नाही, पण तपासणीची सवय शिल्लक आहे. ‘गॅस एवढा मोठा का?’ ‘ही भाजी कालच का नाही आणली?’ ‘पंखा कोणी चालू ठेवला?’ प्रश्न खरोखर क्षुल्लक असतात. पण दिवसाला वीस प्रश्न, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. त्यातच सून नोकरी करणारी असेल, तर तिच्या घाईच्या वेळी सासरेबुवांचा दुसरा चहा राहिलेला असतो.

येथे मी भगिनींच्या वतीने एक प्रश्न विचारतो. आपल्याला नियत वयोमान आहे. तिला आहे का? तिच्या निरोप समारंभाची तारीख कोणी ठरवली? नवरा घरी राहू लागला, की तिचे काम कमी होत नाही, वाढते. दुपारचा तास-दीड तास तिचा स्वतःचा होता. त्या वेळात ती भजनाला जाई, शेजारणीशी बोले किंवा नुसती पडून राही, तोही जातो. म्हणून निवृत्त गृहस्थाने पहिली गोष्ट ही करावी, की घरातील एखादे काम पूर्णपणे आपल्या अंगावर घ्यावे. भाजी आणणे, सकाळचा चहा, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणे, देयके भरणे, काहीही. ते स्वतः करावे आणि बाकीच्या कामांबद्दल विचारल्याशिवाय बोलू नये. काम घेतले की मान आपोआप मिळतो. देखरेख करत बसले, की असलेला मानही जातो.

नोकरी करणाऱ्या भगिनी निवृत्त होतात, तेव्हा प्रश्न उलटा असतो. शिक्षिका, परिचारिका, कारकून म्हणून तीस वर्षे दोन पाळ्या केल्या, आता तरी विसावा मिळेल असे त्यांना वाटते. पण ‘आता आई मोकळीच आहे’ असे साऱ्या घराने परस्पर ठरवलेले असते. मग नातवंडांसाठी सहा महिने पुण्यात, सहा महिने परदेशात, अशी तिची बदली होत राहते. नातवंडे हे सुख आहे, त्यात शंका नाही. परंतु तिने गाणे शिकायचे मनाशी धरले असेल, काशी-रामेश्वर करायचे असेल, तर तेही घराच्या दिनदर्शिकेत लिहिले गेले पाहिजे. तिला विचारून ठरवावे, एवढेच मागणे आहे.

मुलांच्या बाबतीत सल्ला मागितल्यावर द्यावा, आणि तो मानला गेला नाही तर विसरावा. मुलगा आपल्याला न पटणारी गाडी घेईल, सून सणाचा स्वयंपाक आपल्या पद्धतीने करील. घर मोडणार नाही. घराचे निर्णय त्यांच्या हाती जाताना आपण जवळ आहोत आणि अडवीत नाही, हीच आजची वानप्रस्थाची साधना आहे. ती सोपी नाही, म्हणूनच तिला साधना म्हणायचे.

अधिकार : समाजातला

घराबाहेरचा अधिकार सोडणे त्याहून अवघड. निवृत्तीनंतर पहिले काही आठवडे बरे जातात. मग एका सोमवारी लक्षात येते, की फोन वाजत नाही. दिवाळीच्या भेटी खुर्चीला येत होत्या, आपल्याला येत नव्हत्या. ही जखम खरी असते आणि तिला हसून चालत नाही. तिच्यावर औषध एकच, दुसरे काम. आणि ते काम निवृत्तीपूर्वी दोन वर्षे शोधून, आठवड्यातून एक दिवस का होईना, सुरू केलेले असावे.

अधिकार सोडून काम धरण्याचे मोठे उदाहरण आपल्या मातीतील आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे नानाजी देशमुख १९७७ साली लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपद त्यांनी नाकारले आणि १९७८ साली, वयाची साठी ओलांडल्यावर, सत्तेचे राजकारण सोडत असल्याचे जाहीर केले. त्यानंतरची तीन दशके त्यांनी प्रथम गोंडा आणि पुढे चित्रकूट येथे ग्रामविकासात घालवली. २०१० साली चित्रकूटलाच त्यांचा देहान्त झाला, आणि देहही त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी दिला. खुर्ची सोडल्यानंतरचा काळ हाच त्यांच्या आयुष्यातील मोठा काळ ठरला.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांचे वय होते अठ्ठावन्न, म्हणजे आपले ‘नियत वयोमान’! महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली, पन्नाशीत, प्रसिद्ध झाला आणि अखेरचा १९६२ साली, ब्याऐंशीव्या वर्षी. ई. श्रीधरन १९९० साली रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी कोकण रेल्वे उभारली. मग दिल्लीची मेट्रो.

ही नावे ऐकून कोणी दडपून जाऊ नये. आपल्याला विद्यापीठ काढायचे नाही. पण आपल्यातील निवृत्त लेखापाल एखाद्या सेवाभावी संस्थेचे हिशेब चोख ठेवू शकतो. निवृत्त शिक्षिका वस्तीतील दहा मुलांचे गणित पक्के करू शकते. निवृत्त परिचारिका शेजारच्या एकट्या वृद्धेचा रक्तदाब आठवड्याला तपासू शकते. नोव्हेंबर महिन्यात वसाहतीतील वृद्धांचे हयातीचे दाखले मोबाइलवर काढून देणे, हीसुद्धा मोठी सेवा आहे. मात्र एक पथ्य पाळावे. संस्थेत पाऊल टाकताना हुद्दा बाहेर चपलांबरोबर ठेवावा. निवृत्त अधिकारी येतात ते बहुधा अध्यक्ष व्हायला; संस्थांना हवा असतो दर मंगळवारी नेमाने येणारा माणूस. पहिले वर्षभर सांगितले ते काम करावे, सूचना दुसऱ्या वर्षी कराव्या.

आणि ज्यांना निवृत्तीच नाही त्यांचाही विचार करू. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी, इमारतीचा रखवालदार, भाजीवाली, यांच्या आयुष्यात शाल-श्रीफळाचा दिवस येत नाही. हातपाय थकतात त्या दिवशी कमाई थांबते. अटल निवृत्तिवेतन योजना २०१५ पासून आहे. अठरा ते चाळीस वयात तिच्यात जाता येते, आणि साठीनंतर दरमहा एक ते पाच हजार रुपये मिळतात. तिशीतील बाईला एक हजाराच्या निवृत्तिवेतनासाठी महिन्याला भरावे लागतात ११६ रुपये. तेवढे आपण सहज देऊ शकतो. तिला बँकेत नेऊन खाते उघडून देणे, हे निवृत्त माणसाचे एका सकाळचे काम आहे. तिच्या म्हातारपणाची चिंता तेवढ्याने मिटणार नाही, पण सुरुवात होईल. समाजाचे ऋण फेडणे म्हणतात ते याहून फार वेगळे नसते.

आजचा गृहपाठ

शेवटी एक काम देतो. आज रात्री पती-पत्नींनी एक-एक कोरा कागद घ्यावा आणि मधोमध रेघ ओढावी. एका बाजूला लिहावे, ‘मी काय सोडणार’. तेथे घरातले निर्णय, मुलांच्या संसारातील लक्ष, कार्यालयातील जुन्या गोष्टी असतील. दुसऱ्या बाजूला लिहावे, ‘मी काय राखणार’. तेथे राहते घर, स्वतःचे खाते, औषधपाण्याची तरतूद, दोन-चार जुने मित्र आणि एक नेमाचे काम असेल. दोघांनी कागद एकमेकांना दाखवावे. तिच्या कागदावर काय आहे हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, आणि ते आश्चर्य निवृत्तीच्या आधी वाटलेले चांगले.

दुसरे, निवृत्तीपूर्वी सलग तीन महिने, जेवढे निवृत्तिवेतन हाती येणार आहे तेवढ्यातच घर चालवून पाहावे. उरलेले वेतन बाजूला टाकावे. कोणता खर्च सुटतो, कोणता सुटत नाही, हे या तालमीत कळेल. चुकले तरी पगार पाठीशी आहे. नंतर चुकले, तर तो पाठीशी नसेल.

आदेशातील वाक्य आपल्या हाती नाही. तारीख ठरलेली आहे. पण त्या दिवशी घरी परतणारा माणूस कसा असेल, हे ठरवायला आपल्याजवळ अजून काही महिने किंवा काही वर्षे आहेत. ती वाया जाऊ देऊ नका.